धनुष्यबाणाने हरणाची शिकार : पहिल्या हंगामातील चुका आणि त्या टाळण्याची रीत

गोळी आणि बाण यांतील फरक नवख्या शिकाऱ्याला ठाऊक असतो असे सगळेच गृहीत धरतात. प्रत्यक्षात माझ्यासारख्या अनेकांना तो पहिला हंगाम वाया गेल्यावर कळतो. गोळी वेगाने आणि धक्क्याने जनावर पाडते. बाणात तसा धक्का नसतो. त्याची धारदार पाती फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापतात, रक्तस्राव होतो आणि काही सेकंदांत जनावराची शुद्ध हरपते. मात्र पाती बोथट असतील, नेम चार बोटे मागे गेला असेल किंवा आपण घाईने मागावर निघालो असू, तर तेच जनावर तासन्‌तास तडफडते आणि बहुधा हातीही लागत नाही. पुढे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक चुकीचे मूळ या एका गोष्टीच्या विस्मरणात आहे.

हे मार्गदर्शन अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात होणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीपुरते आहे, कारण माझा अनुभव तेवढाच आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे महाराष्ट्रातून येथे आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ही विद्या शिकवणारे कोणी नसते. येथील मुले आजोबांचे बोट धरून रानात जातात. आपण पस्तिशी-चाळिशीत, एखाद्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून, सप्टेंबरमध्ये धनुष्य विकत घेतो आणि ऑक्टोबरमध्ये मचाणावर बसू पाहतो. ही पहिली चूक. मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात केली, तरच त्याच वर्षीच्या हंगामाचा विचार करावा.

१. कागदपत्रे आणि जमीन

पुढील गोष्टी उन्हाळ्यातच हातात असाव्यात :

- हंटर-ट्रॅपर एज्युकेशन या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्यास ते आवश्यक आहे.
- ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक.
- राज्याच्या गेम कमिशनचा (शिकार आणि वन्यप्राणी पाहणाऱ्या खात्याचा) सर्वसाधारण शिकार परवाना. शिंगे असलेल्या एका नराचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी, यातच मिळतो.
- आर्चरी परवाना, जो वेगळा घ्यावा लागतो.
- मादी मारायची असल्यास ज्या विभागात शिकार करणार त्याच विभागाचा अँटलरलेस (बिनशिंगी हरणाचा) परवाना.
- खाजगी जमीन असल्यास मालकाची परवानगी, शक्यतो लेखी.

परवान्याचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे चालते, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. अँटलरलेस परवान्यांची संख्या विभागवार ठरलेली असते आणि काही विभागांतील परवाने लवकर संपतात. नवख्याने मादीचा परवाना जरूर घ्यावा, कारण नराच्या बाबतीत शिंगांच्या टोकांचे नियम आहेत : बहुतेक विभागांत एका बाजूला किमान तीन टोके लागतात आणि पश्चिमेकडील काही विभागांत भुवईजवळचे टोक त्यात मोजले जात नाही. संधिप्रकाशात, छाती धडधडत असताना ही मोजणी करणे वाटते तितके सोपे नाही.

न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्या राज्यांत धनुष्यासाठीचे प्रशिक्षण स्वतंत्रपणे पूर्ण करावे लागते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांचा बंदुकीबाबत नेहमी गोंधळ होतो. संघराज्याच्या कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई असून वैध शिकार परवाना असणे हा त्यातील एक अपवाद आहे. धनुष्य हे त्या कायद्याच्या अर्थाने बंदूक नाही. तरीही आपल्या परिस्थितीविषयी वकिलाला एकदा विचारून घेतलेले बरे.

जागेसाठी राज्याच्या मालकीची स्टेट गेम लँड्स उपलब्ध आहेत; त्यांचे एकूण क्षेत्र पंधरा लाख एकरांहून अधिक आहे. खाजगी जमिनीच्या कडेला झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले, तर त्याचा अर्थ ‘प्रवेशास मनाई’ असा आहे; पाटी नव्हती ही सबब चालत नाही. वस्ती असलेल्या इमारतीपासून परवानगीशिवाय ५० यार्डांच्या आत धनुष्याने शिकार करता येत नाही. मक्याचा ढीग घालून हरणांना बोलावण्यासही सर्वसाधारणपणे बंदी आहे, मग शेजारच्या राज्यातील मित्र काहीही सांगो.

२. आपल्या मापाचे धनुष्य

कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाके असलेले आधुनिक धनुष्य, घेताना नवख्याची फसगत दोन आकड्यांत होते. पहिला आकडा खेचण्याच्या लांबीचा. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. येणारा आकडा साधारण आपल्या मापाजवळचा असतो. माझे अंतर ६६ इंच, म्हणजे माप सुमारे साडेसव्वीस. दुकानात मात्र मला २८ इंचांवर लावलेले धनुष्य देण्यात आले आणि ‘सवय होईल’ असे सांगण्यात आले. सवय झाली नाही; दोरी दंडाखाली लागून महिनाभर हात काळानिळा होता आणि बाण डावीकडे जात राहिले. शेवटी माप बदलले आणि दोष एका संध्याकाळी गेला.

दुसरा आकडा वजनाचा, म्हणजे दोरी खेचायला लागणाऱ्या जोराचा. हरणासाठी या राज्यात किमान ३५ पौंड खेचाचे धनुष्य लागते. सत्तर पौंड घ्या असा आग्रह करणारे पुष्कळ भेटतील, परंतु नीट धार असलेल्या बाणाला ४५ ते ५० पौंड पुरतात. पारख अशी : खुर्चीवर बसावे, दोन्ही पाय जमिनीवरून उचलावेत, धनुष्य समोर आडव्या रेषेत धरावे आणि दोरी सरळ मागे खेचावी. धनुष्य आभाळाकडे उचलल्याशिवाय दोरी येत नसेल, तर पाच पौंड कमी करावेत. थंडीत तास-दोन तास निश्चल बसल्यावर स्नायू आखडतात, आणि धनुष्य वर उचलण्याची ती एक हालचाल हरणाला पुरेशी असते.

बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. बाणात जाणारी सारी शक्ती तेव्हा धनुष्यातच फिरते, त्याच्या पट्ट्या तडकू शकतात आणि डोळ्याला इजा होऊ शकते. पाहुण्यांच्या हाती धनुष्य देताना हे आधी सांगावे, कारण हौसेने दोरी ओढून सोडणारा पाहुणा प्रत्येक घरात असतो.

३. बाण आणि त्याचे टोक

बाणाच्या दांड्याचा ताठपणा धनुष्याच्या वजनाशी आणि खेचाच्या लांबीशी जुळावा लागतो. उत्पादकाच्या तक्त्यात तो पाहून घ्यावा. वजनाच्या बाबतीत हलका, वेगवान बाण आकर्षक वाटतो, पण ४०० ग्रेनच्या (सुमारे २६ ग्रॅमच्या) वरचा बाण शांतपणे जातो आणि खोल जातो. कार्बनचा प्रत्येक बाण लावण्यापूर्वी दोन्ही हातांनी किंचित वाकवून कानाशी धरावा. ‘कर्र’ असा बारीक आवाज आला तर तो तोडून टाकावा, कारण तडकलेला दांडा सुटताना फुटून हातात घुसू शकतो.

शिकारीच्या पात्यांच्या टोकाला ब्रॉडहेड म्हणतात. या राज्यात त्याची कापण्याची रुंदी किमान ७/८ इंच असावी लागते. काहींची पाती स्थिर असतात, काहींची लागल्यावर उघडतात. उघडणाऱ्या पात्यांना उघडण्यातच थोडी शक्ती खर्च होते, म्हणून पन्नास पौंडांच्या आतील धनुष्यावर स्थिर पातीच घ्यावीत असे माझे मत आहे. नेहमी होणारी चूक अशी की उन्हाळाभर सरावाच्या गोल टोकांनी नेम बसवला जातो आणि हंगामाच्या आदल्या दिवशी ब्रॉडहेड चढवले जाते. वजन सारखे असले तरी स्थिर पाती हवेत पंखासारखी वागतात आणि बाण वीस यार्डांवर वीतभर बाजूला जाऊ शकतो. सरावासाठी दोन ब्रॉडहेड वेगळी ठेवावीत. शिकारीची पाती मात्र एकदाही न वापरलेली असावीत.

४. सराव

अंगणात शर्टावर उभे राहून, एकामागून एक तीस बाण मारून मिळणारा आत्मविश्वास फसवा असतो. रानात आपल्याला एकच बाण मारायचा असतो आणि तोही अंग गरम न झालेला. म्हणून जुलैपासून एक नियम पाळावा : सकाळी घराबाहेर पडायचे, एक बाण मारायचा, कोठे लागला ते वहीत लिहायचे आणि धनुष्य ठेवून द्यायचे. महिन्याभराच्या या नोंदी आपली खरी पल्ला-मर्यादा सांगतात. ज्या अंतरावर दहापैकी नऊ बाण ताटलीएवढ्या वर्तुळात बसतात ते आपले अंतर. माझे वीस यार्ड निघाले, आणि आजही पंचवीसच्या पुढे मी बाण सोडत नाही.

उरलेला सराव जाड जाकीट घालून, बसून, गुडघ्यावर आणि जमल्यास उंचावरून करावा. संध्याकाळच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतही एकदा करून पाहावा; सूर्यास्तानंतर अर्धा तास कायदेशीर वेळ असली, तरी दोरीतील पीप साइटच्या बारीक भोकातून तेव्हा काहीच दिसत नाही हे घरीच कळलेले बरे. नेम चिन्हावर येताच बोट दोरी सोडणाऱ्या उपकरणाच्या ट्रिगरवर आपटू लागले असेल, तर तो हाताचा दोष नाही, मनाचा आहे. पाच पावलांवरून, डोळे मिटून, मोठ्या गवती लक्ष्यावर फक्त दोरी हळुवार सोडण्याचा सराव दोन आठवडे केल्यास तो बराच सुधारतो.

५. वारा, वास आणि गोचीड

हरणाचे डोळे चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. नवखा शिकारी वास मारणाऱ्या फवाऱ्यांवर पैसे घालतो आणि वाऱ्याकडे पाठ फिरवून बसतो. हरणे ज्या बाजूने येतील असा अंदाज आहे, तिकडे आपल्याकडून वारा जात असेल, तर त्या दिवशी त्या मचाणावर बसूच नये. म्हणून वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी निदान दोन जागा निवडून ठेवाव्यात. शिवाय उतारावर सकाळी ऊन पडल्यावर हवा वर चढते आणि संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी येथील जुने शिकारी मिल्कवीडच्या शेंगेतील तंतू खिशात ठेवतात. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातले. लहानपणी उडवलेल्या ‘म्हाताऱ्या’ येथे उपयोगी पडतात. एक तंतू सोडावा आणि तो शंभर पावले कसा तरंगत जातो ते पाहावे.

आपल्या घरांना एक खास अडचण आहे ती फोडणीची. शिकारीचे कपडे स्वयंपाकघराला लागून असलेल्या कपाटात ठेवले तर त्यांना हिंग-मोहरीचा वास बसतो. ते बिनवासाच्या साबणाने धुवून झाकणाच्या डब्यात, गॅरेजमध्ये ठेवावेत.

गोचिडीपासून होणारा लाइम आजार या राज्यात फार आढळतो. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आधीच फवारून वाळवावे आणि घरी येताच काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि केसांची मुळे तपासावीत. चिकटलेली गोचीड साधारणपणे एका दिवसाच्या आत काढली तर धोका बराच कमी होतो.

६. मचाण

ज्याला येथे ट्री स्टँड म्हणतात त्या मचाणावरून पडून दरवर्षी माणसे मरतात आणि अपंग होतात. बहुतेक अपघात चढता-उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाऊल टाकताना होतात. म्हणजे वर पोहोचल्यावर पट्टा बांधणे पुरेसे नाही. पूर्ण शरीराचा हार्नेस जमिनीवरच घालावा आणि झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेल्या दोराला तो पहिल्या पावलापासून अडकवलेला असावा. धनुष्य हातात घेऊन कधीही चढू नये. वर बसल्यावर ते दोरीने ओढून घ्यावे. गेल्या वर्षी झाडावरच राहिलेले पट्टे उन्हाने कुजलेले असतात, ते बदलावेत. सार्वजनिक जमिनीवर झाडात खिळे किंवा स्क्रूच्या पायऱ्या ठोकण्यास मनाई आहे.

पडून हार्नेसमध्ये लोंबकळल्यास मांड्यांतील रक्ताभिसरण थांबून जीव धोक्यात येऊ शकतो. यासाठी पाय टेकवण्याचा वेगळा पट्टा मिळतो, तो खिशात असावा. फोनही छातीच्या खिशात ठेवावा, पाठीवरच्या पिशवीत नव्हे. कोणत्या झाडावर बसणार आणि किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवावे. उंचीची भीती वाटत असेल तर जमिनीवरचे कापडी लपण वापरावे. त्यात कमीपणा काही नाही.

७. बाण केव्हा सोडावा

हरीण पूर्ण आडवे उभे असेल, किंवा किंचित पाठमोरे होऊन तिरके उभे असेल, तरच बाण सोडावा. आडव्या हरणात पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या कडेपासून एक-तृतीयांश उंचीवर नेम धरावा. तिरक्या पाठमोऱ्या हरणात पलीकडच्या पुढच्या पायाकडे बाण निघेल असा नेम असावा. समोरून येणारे, आपल्याकडे तोंड करून तिरके उभे असलेले, थेट मचाणाखाली आलेले, चालणारे किंवा झुडपाआड असलेले हरीण जाऊ द्यावे. पहिल्या वर्षी मी अकरा हरणे जाऊ दिली आणि बारावे जाऊ द्यायला हवे होते.

लांबच्या बाणाविरुद्ध साधा हिशेब आहे. तीस यार्ड म्हणजे ९० फूट. सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण तेथे जाण्यास सुमारे ०.३२ सेकंद घेतो. दोरीचा आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट वेगाने ०.०८ सेकंदात पोहोचतो. उरलेल्या पाव सेकंदात सावध हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबते आणि बाण पाठीवरून किंवा पाठीच्या वरच्या भागातून जातो. वीस यार्डांवर हीच सवड ०.१६ सेकंदावर येते.

उंचीमुळे नेम चुकतो असे पुष्कळ जण सांगतात. वीस फूट उंचीवरून वीस यार्डांवरील हरणाचे तिरके अंतर जेमतेम २१ यार्ड भरते, म्हणजे दोष तेथे नसतो. दोष असतो तो नुसता हात खाली झुकवण्यात. आधी सरळ समोर पाहून दोरी खेचावी आणि मग कमरेतून वाकावे. आसपासच्या चार-पाच झाडांची अंतरे बसल्याबरोबर मोजून ठेवावीत, आणि हरणाचा डोळा झाडाआड गेला की दोरी खेचावी.

८. बाण लागल्यानंतर

सर्वांत महागात पडणाऱ्या चुका येथे होतात. माझ्या पहिल्या मादीच्या वेळी ऑक्टोबरची संध्याकाळ होती, अंधार पडायला अर्धा तास उरला होता. बाण मागे लागला. मादी पाठ कुबडासारखी वाकवून, शेपूट खाली घालून सावकाश चालत गेली. ही पोटात लागल्याची खूण आहे हे मी वाचले होते, तरीही वीस मिनिटांत खाली उतरून टॉर्च घेऊन निघालो. साठ-सत्तर पावलांवर ती बसली होती. मला पाहताच उठली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी मी ते रान पिंजून काढले. ती सापडली नाही. मी सकाळपर्यंत घरी थांबलो असतो तर ती बहुधा त्याच जागी मिळाली असती.

म्हणून बाण सुटल्यावर प्रथम बसूनच राहावे. हरीण कोठे उभे होते आणि शेवटचे कोठे दिसले या दोन खुणा झाडांवरून मनात पक्क्या कराव्यात. अर्ध्या तासाने उतरून बाण शोधावा आणि वाचावा. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस लागले आहे. त्या अर्ध्या तासानंतर माग काढता येतो. काळपट गर्द लाल रक्त यकृताचे. चार ते सहा तास थांबावे. बाणावर हिरवट-तपकिरी घाण आणि उग्र वास असेल तर कोठा किंवा आतडी लागली आहेत. आठ ते बारा तास थांबणे भाग आहे. पाऊस येणार असेल किंवा कोल्ह्यांसारख्या कोयोटींची भीती असेल तर काय करावे यावर जुन्या शिकाऱ्यांतही वाद आहे. पोटात लागलेल्या जनावराला उठवण्यापेक्षा पावसात रक्ताचा माग गमावणे मी पत्करतो, कारण न उठवलेले हरीण सहसा जवळच असते.

माग काढताना रक्तावरून चालू नये, त्याच्या कडेने चालावे, आणि प्रत्येक शेवटच्या थेंबाजवळ कागदाची पट्टी ठेवत जावे. मागे वळून पाहिल्यावर पट्ट्यांच्या रांगेवरून दिशा उमगते. या राज्यात पट्ट्याला बांधलेल्या माग-कुत्र्याची मदत घेण्यास परवानगी आहे. अशा माणसाचा क्रमांक हंगामाआधीच मिळवून ठेवावा आणि रान तुडवून वास मोडण्यापूर्वी त्याला बोलवावे.

९. टॅग आणि मांस

हरीण सापडल्यावर छायाचित्रे नंतर. आधी टॅग भरावा. हरीण जागेवरून हलवण्यापूर्वी तो भरून कानाला बांधावा लागतो, आणि गेम कमिशनला दहा दिवसांच्या आत कळवावे लागते. नंतर पोट फाडून आतील अवयव काढावेत. पाते उलटे, धार वर ठेवून फक्त कातडी आणि त्याखालचा पडदा कापावा, म्हणजे कोठा आणि मूत्राशय फुटत नाहीत. ऑक्टोबरच्या दुपारी हवा गरम असते आणि ४ अंश सेल्सिअसच्या वर मांस लवकर बिघडू लागते. म्हणून बर्फाच्या दोन पिशव्या गाडीत असाव्यात.

हरणांमधील क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा रोग या राज्यात २०१२ मध्ये प्रथम आढळला. रोगग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रांतून डोके आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही. आपले क्षेत्र त्यात येते का ते नकाशावर पाहावे, डोके तपासणीसाठी द्यावे आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवावे. एवढे मांस घरात संपणार नसेल किंवा घरच्यांना नको असेल, तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट ही १९९१ पासून चालणारी योजना ठरलेल्या खाटकांमार्फत ते अन्नछत्रांपर्यंत पोहोचवते.

स्वयंपाकात दोन गोष्टी पाळाव्यात. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून ती आणि मांसावरचा रुपेरी पडदा संपूर्ण काढून टाकावा. खांद्याचे आणि मांडीचे तुकडे मटणाप्रमाणे वाटण लावून मंद आचेवर शिजवावेत, पण मांसात स्वतःची चरबी नसल्याने तेल थोडे सढळ हाताने घालावे.